संसर्ग नियंत्रणातले सारखे वाटणारे शब्द: कामात फरक कुठे पडतो?

नवशिकी_परिचारिका
अभ्यासक्रमाच्या पहिल्याच प्रकरणात काही जोड्यांनी घोळ घातलाय. जंतुनाशन आणि निर्जंतुकीकरण, आयसोलेशन आणि क्वारंटाइन, तुषारांतून आणि हवेतून पसरणं, अंगावर जंतू असणं आणि संसर्ग होणं. व्याख्या पाठ आहेत, पण वॉर्डात त्यावरून नक्की काय बदलतं?

सूक्ष्मदर्शी
शेवटच्या जोडीपासून सुरू करतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात मुक्कामाला असतो. ताप नाही, पू नाही, काही त्रास नाही. हे झालं कॉलोनायझेशन. तोच जिवाणू टाक्यांच्या जखमेत शिरला आणि लाली, सूज, पू दिसू लागला की तो संसर्ग. नुसत्या कॉलोनायझेशनला सहसा अँटिबायोटिक देत नाहीत, पण अशा माणसाकडून जंतू दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून समोरचा ठणठणीत दिसतो म्हणून हात धुणं टाळायचं नाही.

आयसोलेशन आजारी माणसाचं, क्वारंटाइन संपर्कात आलेल्या पण अजून लक्षणं नसलेल्याचं. एवढं पुस्तकात असतंच. मुदत कशावर ठरते ते बघा. कांजिण्यांत पुरळ उठण्याच्या १-२ दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत रुग्ण इतरांना आजार देऊ शकतो. आयसोलेशन संपतं ते खपल्या बघून. संपर्कातल्या माणसासाठी मात्र अधिशयन काळ मोजायचा, म्हणजे जंतू शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतचा. कांजिण्यांत तो १० ते २१ दिवस असतो, आणि क्वारंटाइन ठरवताना त्यातला मोठा आकडा धरायचा.

ऑटोक्लेव्ह_१२१
जंतुनाशनाने बहुतेक जंतू मरतात, पण बीजाणू (काही जिवाणूंचं जाड कवचातलं चिवट रूप) वाचू शकतात. निर्जंतुकीकरणात बीजाणूसुद्धा उरत नाहीत. त्यामुळे शरीराच्या निर्जंतुक भागात जाणारं प्रत्येक उपकरण निर्जंतुकच हवं; बीपीचा कफ, पलंगाचा कठडा यांना जंतुनाशन पुरतं. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, नेहमीचं गणित १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं, पण ती मिनिटं वाफ आतल्या वस्तूपर्यंत पोचल्यावर मोजायची. गुंडाळलेल्या संचाला जास्त वेळ लागतो, आणि पाकिटं कोंबून भरली की मधली कोरडीच राहतात. बाहेरच्या टेपचा रंग बदलला याचा अर्थ पाकीट यंत्रातून जाऊन आलं, इतकाच.

या दोन्हींच्या आधीची पायरी साधी साफसफाई, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रक्त, पू, मळ ब्लीचमधला क्लोरीन खाऊन टाकतात. रक्त सांडलं तर ग्लोव्हज घालून आधी टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने पुसा, मग ०.५ टक्के ब्लीच ओता आणि १० मिनिटं जागा ओली ठेवा. लगेच कोरड्या फडक्याने पुसलं तर सगळी मेहनत वाया.

द्रावणासाठी बाटलीवरची टक्केवारी भागिले हवी असलेली टक्केवारी, उणे १. तितके भाग पाणी एक भाग ब्लीचमध्ये. ५ टक्क्यांची बाटली असेल तर ९ भाग, म्हणजे १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी. रोज ताजं बनवा. लघवीवर थेट ओतू नका, आणि ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. विषारी वायू सुटतो.

मास्क_आणि_खिडकी
तुषार आणि हवा यांतली ५ मायक्रॉनची जुनी रेघ (त्याहून मोठे कण म्हणजे तुषार, लहान ते हवेतून पसरणारे) परीक्षेपुरती ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सुचवलेल्या शब्दावलीत ती सोडून दिली आहे, कारण श्वासातून सगळ्याच आकारांचे कण एकत्र बाहेर पडतात. पण खबरदारीचे वर्ग कामाचे आहेत. गोवर, क्षय असेल तर एन-९५, बंद दार आणि हवा बाहेर खेचणारी खोली. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू २ तासांपर्यंत हवेत राहू शकतो, म्हणून रिकामी खोली सुरक्षित धरू नका.

घालण्यापेक्षा काढताना जास्त गडबड होते. आधी ग्लोव्हज, मग गॉगल, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत. एन-९५ सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर, फक्त पट्ट्यांना धरून. पुढचा भाग चिमटीत धरून ओढायचा मोह होतो, आणि सगळ्यात दूषित भाग तोच असतो.

नवशिकी_परिचारिका
ग्लोव्हज घातलेले असताना हात धुण्याची खरंच गरज असते का? आणि सॅनिटायझर कुठे चालत नाही?

सूक्ष्मदर्शी
असते. ग्लोव्हजना न दिसणारी भोकं असतात आणि काढताना मनगटाला डाग लागतो. हात दिसायला स्वच्छ असतील तर ६० ते ८० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर २०-३० सेकंद चोळा. मळलेले असतील तर साबण-पाणी, ४०-६० सेकंद. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या जुलाबांत मात्र साबण-पाणीच; अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत, ते चोळून आणि पाण्याने धुऊनच काढावे लागतात.