मदत हवी आहे: आईला घेऊन लिस्बन, दोन दिवस, खायचं काय आणि चढायचं कसं

त्रस्त_पुत्र
नमस्कार मंडळी. लिस्बनला चाललोय आईला घेऊन. तीन रात्री व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, जो तो तीच पिवळी ट्राम आणि तेच टार्ट दाखवतोय आणि शेवटी "सबस्क्राईब करा". आई शुद्ध शाकाहारी आहे आणि तिची अट अशी की तिथलंच काहीतरी खायचं, पिझ्झा नको आणि इंडियन रेस्टॉरंट तर अजिबात नको, "एवढं लांब जाऊन पनीर बटर मसाला कशाला" म्हणते. गुडघे दुखतात. काय बघू, काय खायला घालू, पटकन सांगा, वेळ कमी आहे.

अनुराधा_ठाणे
कधी जाताय? कुठे उतरताय? शुद्ध शाकाहारी म्हणजे अंडं चालतं की नाही? केकमधलं? चीज? गुडघे म्हणजे काठी लागते की नुसतं जिना नको? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही, सांगणार काय आम्ही.

नाना_सदाशिवपेठ
लिस्बनपेक्षा पोर्तोला जा. आम्ही २०१६ साली गेलो होतो, नदी, पूल, वाईनच्या वखारी, सगळं बघण्यासारखं. लिस्बनला नुसती गर्दी. आणि मुंबईहून एका दमात जाऊ नका, मध्ये एक रात्र थांबा, वय झालेल्यांना त्रास होतो. व्हिसाचे कागद आधीपासून तयार ठेवा, आमची एक फाईल...

त्रस्त_पुत्र
नाना, पोर्तो विचारलेलं नाही, तिकिटं काढून झालीत. आणि मुंबईहून नाही, आम्ही म्युनिकला राहतो, आई तीन महिने आलीय, व्हिसा आहे. येत्या रविवारी दुपारी पोचतो, मंगळवारी संध्याकाळी परत. अल्फामात, म्हणजे चढावरच्या जुन्या वस्तीत, फ्लॅट घेतलाय, फोटोत खिडकीतून नदी दिसत होती म्हणून. आता मालकाचा मेसेज आलाय की गाडी दारापर्यंत येत नाही, शेवटच्या ७६ पायऱ्या आहेत. हे जाहिरातीत कुठेही नव्हतं.

लिस्बनवाला_माजी
दोन वर्षं राहिलोय तिथे. ७६ पायऱ्या अल्फामात काहीच नाहीत, पण एक प्रश्न विचारा मालकाला: पायऱ्या खालून चढायच्या की वरून उतरायच्या? बरेचदा वरच्या रस्त्याने गेलं तर निम्म्या होतात. पोर्ताश दो सोल नावाचा चौक आहे वर, टॅक्सीला तिथलं नाव सांगायचं आणि मग उताराने घरी जायचं. आपलं कोकणातलं घर रस्त्याच्या खाली असतं तसं समजा.

पायऱ्यांपेक्षा फरशी वाईट. सगळे फूटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे, पायांनी घासून घासून काचेसारखे झालेत. कोरडे असताना ठीक, पण सकाळी दुकानवाला पाणी मारतो त्यावर पाय पडला की गेलात. आईच्या पायात रबरी सोलचे बूट, चपला नाही. हे ऐकाच.

चढ टाळायचा तर सरकारी फुकट लिफ्ट आहेत, पर्यटकांना माहीत नसतात. बाइशा म्हणजे खालचा सपाट भाग, तिथे रुआ दोश फानकेइरोश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत लिफ्ट आहे, ती तुम्हाला एक रस्ता वर सोडते. तिथून दोन मिनिटांवर एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, ती थेट किल्ल्याच्या बाजूला वर. नाहीतर ७३७ नंबरची छोटी बस, प्रासा दा फिगेइरा ते किल्ला.

आणि सोमवारी बेलेंला, म्हणजे शहराच्या पश्चिमेकडच्या भागात, जाऊ नका, जेरोनिमुशचा मठ सोमवारी बंद असतो. मंगळवारी सकाळी उघडायच्या वेळेला जा, १५ नंबरची ट्राम नेते. २८ नंबरच्या ट्रामचा नाद सोडा. आईला उभं राहावं लागेल आणि खिसा कापला जाईल.

चहाबाज
२८ चा नाद सोडा कसं काय? लिस्बनला जाऊन २८ मध्ये बसलो नाही तर गेलो कशाला? मार्तिम मोनिशला सगळे रांग लावतात, ती चूक. दुसऱ्या टोकाला कांपो द ओरीक, तिथून चढायचं, खिडकी मिळते. माझी सासू ७२ वर्षांची, पूर्ण फेरी बसून केली.

लिस्बनवाला_माजी
आणि कांपो द ओरीकपर्यंत पोचायचं कसं, गुडघे घेऊन? २८ नेच? १२ नंबर घ्या, तीही तशीच जुनी पिवळी, अल्फामातूनच फिरते, गर्दी कमी.

चहाबाज
१२ म्हणजे २८ ची मावसबहीण. असो. खिसा कापला जातो म्हणता, मग पुण्यात पीएमटीत बसू नये का?

मडगांवकार
खाण्याचं कोणी सांगतच नाही. ऐका. टेबलावर बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज, लोणी येऊन पडतं. ते फुकट नाही, कुव्हेर म्हणतात, खाल्लं की बिलात येतं. हात लावला नाही तर पैसे लागत नाहीत, परत न्या म्हटलं तरी कोणी रागवत नाही. पण आईसाठी ठेवून घ्या, पाव उत्तम असतो.

कालदो व्हेर्द नावाचं सूप सगळे शाकाहारी समजून मागवतात. बटाटा घोटलेला, त्यात केल (kale) या पालेभाजीसारखी हिरवी पानं बारीक कापलेली, दिसायला अळूच्या फतफत्याची पातळ बहीण. आणि मधोमध शोरीसूची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, एक चकती तरंगते. चोरीस हो, आमच्या गोंयचा त्याचा नातू. चकती काढून टाकली तरी चव उतरलेली असते, म्हणून आधीच "सेम शोरीसू" म्हणायचं, आणि रस्सा कशाचा तेही विचारायचं. त्यापेक्षा सोपा द लेगुमश मागवा, भाज्यांचं सूप, रोज प्रत्येक खाणावळीत असतं. मीट-मासा नको हे "सेम कार्ने, सेम पेइश". नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलंत तर ट्युना घातलेलं सॅलड आणून ठेवतील.

कॅफेत काचेखाली समोसा दिसेल, शामुसा म्हणतात. आई खूश होईल, पण आत बहुतेक बीफ किंवा चिकन असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

तुम्ही स्वतः खाता का सगळं ते लिहिलं नाहीये. खात असाल तर जुलैत सार्डिन सोडू नका, कोळशावर भाजलेली, पावाच्या तुकड्यावर ठेवून, पावात तेल मुरतं तो भाग शेवटी खायचा. बाकल्याव म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, दिवसभर तरी पाण्यात ठेवून मीठ काढतात, सुक्या बोंबलाचा श्रीमंत काका. आणि जिंजा. आंबट चेरीची दारू, साऊं दोमिंगुश चौकात १८४० पासूनचं दुकान आहे, दुकान कसलं, आपल्या पानाच्या टपरीएवढं. उभ्याने छोट्या ग्लासात घ्यायची. "कोम एलाश" म्हटलं की तळाला चेरी टाकतात.

त्रस्त_पुत्र
मी सगळं खातो. जिंजा आईसमोर जमणार नाही, तिला सरबत म्हणून सांगता येईल का?

अंडं: केकमधलं चालतं. दिसायला नको.

आणि एक राहिलं. सोमवारी आषाढी एकादशी आहे. आईचा उपास असतो, कडक.

अनुराधा_ठाणे
हे *आता* सांगताय?

नाना_सदाशिवपेठ
मग तारीख बदला. किंवा साबुदाणा भिजवून डब्यात न्या, आम्ही पोर्तोला नेला होता.

त्रस्त_पुत्र
तारीख बदलता येत नाही, सगळ्यात स्वस्त तिकीट आहे ते. साबुदाणा आईला हल्ली पचत नाही, रात्रभर जळजळ. भगर म्युनिकच्या दुकानात संपलीय. नुसत्या केळी आणि दुधावर दिवसभर ठेवून वर फिरवू का तिला? मी तरी काय करू, मला वाटलं सूप वगैरे चालेल. काल तिला विचारलं तर म्हणाली "सुपात कोबी असतो रे".

इतिहासवेडा
सूप राहू दे, पण कोबी हा शब्दच पोर्तुगीज आहे, कोव्ह. पाव, चावी, पगार, तुरुंग, घमेलं, पिंप, फीत, काजू, अननस, बटाटा, साबण, सगळे त्यांचेच. दोनशेहून जास्त वर्षं वसईला होते, १७३९ ला चिमाजीअप्पांनी काढले. त्यांच्या चर्चची घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, आईंना सांगा, बरं वाटेल.

चहाबाज
साबण अरबी आहे. साबुन. पोर्तुगीज यायच्या आधीपासून.

इतिहासवेडा
साबुन हिंदीत. मराठीत शेवटी ण आहे, तो पोर्तुगीज साबाऊंवरून. शिवाय...

चहाबाज
ण कुठूनही येतो. मराठी माणसाला ण लागतोच.

नाना_सदाशिवपेठ
आणि त्या जेरोनिमुशमध्ये वास्को द गामाचं थडगं आहे, तिथे आपण जायचं, मला पटलं नाही म्हणून आम्ही पोर्तोला गेलो.

इतिहासवेडा
तो वारला कोचीनला, १५२४ मध्ये. हाडं नंतर नेली. मठात तर १८८० ला ठेवली. दगडावरचं कोरीवकाम बघायला जा, गामासाठी नाही. खांबांवर दोरखंड, शिंपले, समुद्री वेली कोरल्यात. १७५५ च्या भूकंपात शहराचा मधला भाग पार आडवा झाला, सकाळची वेळ, ऑल सेंट्सचा सण, चर्चमध्ये मेणबत्त्या पेटलेल्या, मग आग आणि वरून समुद्र आत आला. बेलें मात्र बरंचसं वाचलं. उलट कार्मोचा मठ बघा, त्याचं छप्पर परत घातलंच नाही, कमानींच्या वर नुसतं आकाश.

अनुराधा_ठाणे
थांबा थांबा. इतिहासवेडा, बटाटा म्हणालात ना? मी मडगांवकारांना विचारते, पोर्तुगालमध्ये बाताता-दोस म्हणजे काय? गोड बटाटा म्हणजे रताळंच ना?

मडगांवकार
रताळंच की! बाजारात ढिगाने. अमेंदोईं म्हणजे शेंगदाणे. बटाटा तर विचारूच नका, प्रत्येक जेवणात दोनदा.

अनुराधा_ठाणे
झालं मग. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, आपल्या उपासाचं अर्धं ताट अमेरिका खंडांतून आलंय आणि ते आपल्यापर्यंत आणणाऱ्यांत हेच लोक होते. तिथलंच खायचं हा आईंचा हट्टही पूर्ण. त्रस्त पुत्र, फ्लॅटमध्ये किचन आहे का? हेही लिहिलं नाहीये तुम्ही.

त्रस्त_पुत्र
आहे. दोन शेगड्या आणि एक पॅन. मला वाटलं हे विचारण्यासारखं नाही.

अनुराधा_ठाणे
सैंधव, जिरं आणि शेंगदाण्याचं कूट म्युनिकहूनच डबीत न्या. बिनमिठाचं लोणी घेऊन तिथेच दहा मिनिटांत तूप कढवा. रविवारी संध्याकाळीच रताळी उकडून ठेवा. सोमवारी सकाळी दुधात रताळं, दुपारी बटाट्याची भाजी डब्यात घेऊन चौकात बसा. संध्याकाळी दही. मंगळवारी पारण्याला भात लागेल तर तिथला आरोश कारोलीनो घ्या, जाडा तांदूळ, मऊ होतो, मूगडाळ बरोबर न्या. मग बेलेंला जाऊन टार्ट.

लिस्बनवाला_माजी
आणि ती दुसरी लिफ्ट सुपरमार्केटच्या इमारतीत आहे म्हटलं ना, रताळी तिथेच मिळतील. ओझं घेऊन चढायला नको.

आईंना कडक उपास नसता तर लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती लोकांनी बांधलेलं, तिथे शाकाहारी कँटीनही आहे. पण त्यांना इंडियन नकोय म्हणून बोललो नाही.

नाना_सदाशिवपेठ
आषाढीला देवळात नेणार नाही आणि गामाच्या मठात नेणार. बघा.

त्रस्त_पुत्र
परत आलो, बुधवारी रात्री लिहितोय, घाईत आहे.

पायऱ्या वरून ३१ निघाल्या. खालून ७६. मालकाने खालून मोजल्या होत्या.

लिफ्ट सापडली, पण पहिलीचं दार आम्ही तीनदा ओलांडून गेलो, कुठल्यातरी ऑफिसचं असावं तसं दिसतं. सुपरमार्केटमध्ये आईने रताळी हातात घेऊन, दाबून, एक एक निवडली, मागे एक आजी उभी होती तिने आईच्या हातातलं एक काढून टोपलीत परत टाकलं आणि दुसरं दिलं. दोघी काहीतरी बोलल्या. आई मराठीत. ती पोर्तुगीजमध्ये. आई म्हणाली "ते किडकं होतं".

सोमवारी दुपारी पोर्ताश दो सोलच्या खालच्या बाकावर आम्ही बटाट्याची भाजी खाल्ली, खाली लाल कौलं आणि नदी. ट्रामवरून चहाबाज आणि लिस्बनवाला दोघेही चूक: २८ भरलेली होती, १२ आलीच नाही, ७३७ ने गेलो.

जिंजा मी एकटाच प्यालो, आई समोरच्या चर्चमध्ये बसली होती, १९५९ च्या आगीने खांब अजून तडकलेले आहेत आत, ते ती बघत होती. बाहेर येऊन म्हणाली "तोंडाला खोकल्याच्या औषधाचा वास येतोय". मी हो म्हटलं.

मंगळवारी पारणं सकाळी फ्लॅटवर, भात जरा गिजगोळा झाला. मग मठ, मग टार्ट. टार्ट गरम असताना वरून दालचिनी टाकायची, आईने तीन खाल्ले. चौथ्याच्या वेळी विचारलं यात पिवळं काय आहे. मी म्हटलं कस्टर्ड.

अनुराधाताई, आईने तुमचा नंबर मागितलाय.

चहाबाज
१२ येते. थांबायला हवं होतं.

अनुराधा_ठाणे
व्यक्तिगत निरोप केलाय. आणि पिवळं काय ते त्यांना माहीत होतं हो, मुद्दाम चौथ्याला विचारलं.

नवीन_सदस्य_जर्मनी
नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. म्युनिकला भगर कुठल्या दुकानात मिळते, कोणी सांगेल का? अर्जंट आहे.