पाळी गेल्यावर आईच्या गर्भाशयात पॉलिप: थेट पिशवीच काढायची का?

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे, सल्ला हवाय.

आई ५८ वर्षांची, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. अलीकडे अंगावरून थोडं लाल गेलं. 'उष्णता असेल' म्हणत धणे-जिऱ्याचं पाणी पीत राहिली, आम्हाला सांगितलंच नाही. खालून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ११ मिमी आणि १.४ सेंमीचा पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल कोंब) दिसला. या वयात रक्तस्राव होत असेल तर अस्तर ४ मिमीच्या वर गेलं की पुढे तपासतातच. शिवाय आईला डायबेटिस, बीपी, वजनही जास्त. म्हणजे धोका वाढवणारं सगळंच आहे.

नेहमीच्या डॉक्टर म्हणतात, "पिशवीचा आता उपयोग काय? काढून टाका." दुसऱ्या म्हणतात, आधी दुर्बिणीतून पॉलिप मुळासकट काढू, बायोप्सीला पाठवू, मग पिशवीचं बघू. नुसतं क्युरेटिंग नको, अंदाजाने खरवडताना पॉलिप निसटू शकतो. मावशीचं तिसरंच, "हात लावला की पसरतं!"

मला दुसऱ्या डॉक्टरांचं पटतंय. बहुतेक पॉलिप साधेच असतात. पण पाळी गेल्यावर पॉलिप असून रक्तस्रावही होत असेल तर शंभरात साधारण चार-पाच जणींच्या पॉलिपमध्ये कॅन्सर निघतो, असं वाचलं. दुर्लक्ष करण्याजोगं नक्कीच नाही. पण कॅन्सर असलाच तर ऑपरेशनही वेगळं असतं: नळ्या, अंडाशय, गरज पडली तर लसिकाग्रंथीही. मग रिपोर्टआधी साधी पिशवी काढून पुन्हा पोट उघडायची वेळ आली तर? २०१९ मधल्या बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना पिशव्या काढल्याच्या बातम्या वाचल्यापासून तर 'काढून टाका' ऐकलं की धस्स होतं.

कुणाच्या घरी असं झालंय का? रिपोर्टमध्ये पेशींत बदल आले तर पिशवी काढलीत का? भूल पूर्ण की कमरेतून? त्याच दिवशी सोडलं तर मेडिक्लेम मिळतो का?

प्रतिसाद: सासूबाईंचा पॉलिप दुर्बिणीतून काढला. पूर्ण भूल, संध्याकाळी घरी, रिपोर्ट साधा. पिशवी आहे तशीच आहे. पॉलिपबरोबर अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवा म्हणून सांगा, आमच्या डॉक्टरांनी तसंच केलं होतं. मेडिक्लेमला डे-केअरची मंजुरी आधीच घ्या. आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि मावशींना म्हणावं, न काढता कळणार कसं?