ओ-रिंग चेनला काहीच करायचं नसतं का? ११ हजारातच करकर सुरू झालीय

दूधगंगा_काठ

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. १६० सीसीची गाडी आहे, मिरगाच्या तोंडावर नवी घेतली, राधानगरी ते कोल्हापूर कामाला रोज जाऊन-येऊन शंभर किमी होतं त्यामुळं आत्ताच ११ हजार २०० झालंय. गाडी घेताना शोरूमच्या पोरानं सांगितलेलं की ही ओ-रिंग चेन आहे, लो मेंटेनन्स, हिला काही करायला लागत नाही. मी ते खरं धरलं. सर्व्हिसिंगला दोनदा त्यांनी स्प्रे मारला तेवढाच, मी स्वतः एकदाही हात लावला नाही. अख्खा पावसाळा आमच्याकडचा, आणि आता ऊस सुरू झालाय म्हणजे रस्त्यावर ट्रॉल्यांनी आणलेला चिखल, तो वाळला की धूळ. दर रविवारी वॉशिंग सेंटरला प्रेशरनं गाडी धुतो, चेनवर पण मारतात.

आता गेल्या पंधरा दिवसापासनं हळू चालवताना मागनं करकर आवाज येतोय, चेन कोरडीठाक दिसते, पट्ट्यांवर तांबूस डाग आलेत आणि चाक हातानं फिरवलं तर दोन-तीन कड्या सरळच होत नाहीत, मागच्या स्प्रॉकेटवरनं (दात असलेल्या चक्रावरनं) उतरताना टुक करून उडी मारतात. गावातला गॅरेजवाला म्हणतो पेट्रोलनं धू आणि ग्रीस चोपड. बाबांची जुनी १०० सीसी आहे फुल कव्हरची, ते त्यातलं रबराचं बूच काढून महिन्याला जळकं ऑइल सोडतात, ते म्हणतात तेच घाल. मित्र म्हणतो डब्ल्यूडी-४० मार बास. चौघांची चार मतं. चेन गेली का वाचेल? आणि नक्की घालायचं काय? हप्ते चालू आहेत, एवढ्यात चेनसेटचा खर्च नको वाटतोय.

पाना_पक्कड

भाऊ, सांगलीत २२ वर्षं गॅरेज आहे माझं, दर दिवाळीनंतर अशा दहा-बारा गाड्या येतात आणि प्रत्येकाला शोरूममध्ये हेच सांगितलेलं असतं. लो मेंटेनन्स म्हणजे मेंटेनन्स नाही असं नव्हे, एवढं आधी डोक्यातनं काढा.

आत काय असतं ते समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळंल. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते, ती बुशमध्ये म्हणजे बारक्या नळीत फिरते, आणि बुशवर बाहेरनं रोलर फिरतो. घासण्याचं खरं काम होतं पिन आणि बुशच्या मध्ये. साध्या चेनमध्ये तिथलं तेल वरनंच आत जावं लागतं, म्हणून ती सारखी मागते. ओ-रिंग चेनमध्ये कंपनीतच आत ग्रीस भरतात आणि बाहेर जाऊ नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मध्ये रबराची बारकी रिंग बसवतात, एका पिनेला दोन. म्हणजे ११८ कड्यांची चेन असेल तर २३६ रिंगा. ते ग्रीस एकदाच भरलेलं असतं, परत भरता येत नाही. त्यामुळं आपण बाहेरनं जे तेल लावतो ते पिनेसाठी नसतंच मुळी. ते असतं रोलर आणि दात घासू नयेत म्हणून, पट्ट्यांना गंज चढू नये म्हणून, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रबर मऊ राहावं म्हणून. रबर वाळलं, चिरलं की ग्रीस बाहेर, पाणी आत.

आता तुमच्या चार मतांचं बघू. पेट्रोल नको, थिनर तर अजिबात नको, रबर फुगतं नाहीतर कडक होतं. ग्रीस वरनं चोपडलं तर आत जात नाही, बाहेरच बसतं आणि त्याला तुमच्याकडची धूळ चिकटली की पॉलिश पेपर तयार झाला समजा, दात खाऊन टाकतो. जळक्या ऑइलमध्ये इंजिनची झीज, काजळी सगळं असतं आणि ते पातळ पण झालेलं असतं, दहा किमीत उडून टायरवर आणि रिमवर. वडिलांचं चाललंय कारण चेन पूर्ण झाकलेली आहे, धूळ आत कमी जाते, पण त्यांना पण सांगा ताजं ९० नंबरचं गिअर ऑइल घाला, महाग नाही. डब्ल्यूडी-४० नं पाणी निघतं, मळ सुटतो, पण ते वंगण म्हणून टिकत नाही, तेवढंच मारून सोडलेली चेन दोन दिवसात परत कोरडी.

आणि ते प्रेशर वॉशिंग चेनवर मारणं आजपासनं बंद. रिंगेच्या कडेतनं पाणी आत घुसतं.

चेन गेली का ते बघायला, मागच्या स्प्रॉकेटच्या एकदम मागच्या टोकाला चेन बोटात धरून मागं ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा दिसला तर गेली. मग एक माप घ्या. पट्टीवर ४२८ का ५२० काय कोरलंय ते वाचा. ४२८ ला एका पिनेपासनं पुढच्या पिनेपर्यंत १२.७ मिमी, म्हणजे २१ पिना मोजल्या की मध्ये २० घरं, नवी असताना २५४ मिमी. ५२० ला तेच ३१७.५. चेन ताणून धरून मोजा. दोन टक्क्यांच्या पुढं वाढली तर बदलायचीच, काही कंपन्या त्याच्या आधीच बदला म्हणतात. ते माप टाका इथं मग बोलू.

लाल_माती

पानावाल्या काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त साफ कशी करायची ते लिहितो कारण लांज्याला राहतो आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला हे करावंच लागतं. नाही केलं तर आमच्याकडे दोन दिवस गाडी उभी राहिली तरी चेन लाल होते.

पाच-सात किमी चालवून आणा, चेन कोमट झाली की मळ लवकर सुटतो. डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल, आणि किल्ली काढून खिशात. मागच्या टायरला आणि डिस्कला आडवा पुठ्ठा लावा, डिस्कवर तेल उडालं तर ब्रेक लागत नाही, हे विसरू नका. रॉकेल वाटीत घेऊन मऊ ब्रशनं, मी रंगाचा जुना एक इंची ब्रश वापरतो, चेन चारी बाजूंनी घासायची, वरून खालून डावीकडून उजवीकडून. तारेचा ब्रश नको, रिंगा फाटतात. डीआयडी म्हणून जपानी चेन कंपनी आहे ती पण रॉकेलच सांगते. मात्र रॉकेलमध्ये भिजवून ठेवायची नाही, घासायची आणि लगेच फडक्यानं पुसायची. मग पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या, ओल्यावर तेल लावलं तर तेल पातळ होऊन गळतं.

तेल लावताना लोक वरच्या बाजूनं बदाबदा ओततात, तसं नका करू. चेनची खालची जी लाइन असते तिच्या आतल्या अंगाला, म्हणजे जी बाजू स्प्रॉकेटला भिडते तिथं लावा, कारण फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, आतून लावलं तर ते चेनमधून बाहेर येतं. ९० चं गिअर ऑइल सलाइनच्या बारक्या नळीनं किंवा इंजेक्शनच्या सिरिंजनं थेंब थेंब, दोन पट्ट्यांच्या फटीत जिथं रिंग दिसते तिथं डावी लाइन, मग उजवी, मग मधे रोलरवर. चाक हातानं फिरवत एक फेरा पुरे. मग रात्रभर सोडा आणि सकाळी निघताना कोरड्या फडक्यानं वरचं तेल पुसून काढा. पुसायची पायरी सगळे गाळतात आणि मग म्हणतात गिअर ऑइल उडतं. बाहेर चमकणारं तेल काही कामाचं नसतं, ते फक्त माती गोळा करतं.

एवढं सगळं अर्ध्या तासाचं काम. रॉकेल मात्र आता मिळत नाही हा खरा त्रास आहे, रेशनचं बंदच झालं.

गोदाकाठची

नाशिकहून. रॉकेल मिळत नसेल तर चेन क्लीनरचा स्प्रे घ्या, फक्त डब्यावर ओ-रिंग, एक्स-रिंगला (तशीच रिंग, पण एक्स आकाराची) चालतो असं लिहिलेलं बघा. ब्रेक क्लीनर वेगळा असतो, तो चेनवर नको.

मला एक गोष्ट फार कळकळीनं सांगायची आहे म्हणून लिहितेय. इंजिन चालू करून, पहिला गिअर टाकून, चाक आपोआप फिरतंय आणि त्यावर फडकं धरून चेन पुसणारे कितीतरी व्हिडिओ आहेत. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचं असंच फडकं चेनमध्ये अडकलं आणि फडक्यासोबत बोट स्प्रॉकेटमध्ये गेलं. तर्जनीचं पहिलं पेर गेलं त्याचं. एका सेकंदाचं काम होतं. चाक हातानंच फिरवा आणि फिरवताना फडकं धरलेला हात स्प्रॉकेटपासून लांब ठेवा, कृपा करून.

तेलाच्या बाबतीत माझं लाल_मातीशी थोडं वेगळं मत आहे. पावसात गिअर ऑइलला तोड नाही, मान्य. पण मी स्पितीला गेले होते तेव्हा काझाच्या पुढं नुसता फुफाटा, तिथं गिअर ऑइल लावलेल्या गाड्यांच्या चेन संध्याकाळपर्यंत काळ्या पिठात बुडवल्यासारख्या झालेल्या. माझ्याकडे वॅक्सवाला ड्राय ल्यूब होता, तो सुकतो, धूळ कमी धरतो. दादा तुमच्याकडे आत्ता उसाची धूळ आहे, पाऊस नाही, तर चार महिने ड्राय आणि पावसाळ्यात गिअर ऑइल असं करून बघा. दोन्ही एकावर एक मात्र नको, आधीचं पूर्ण साफ करून मगच दुसरं.

शाईन_वाला

मी १० वर्षं डिझेलनं धुतोय काही होत नाही, उगाच भीती घालू नका लोकांना

पाना_पक्कड

शाईन_वाला, तुमच्या गाडीला साधी चेन असेल, फुल कव्हरमधली, तिला रिंगाच नाहीत तर खराब काय होणार. ओ-रिंगवर पण रॉकेल नाही म्हणून डिझेल वापरणारे आहेत, पेट्रोलएवढं वाईट नाही ते, पण चिकट राहतं, लगेच नीट पुसलं नाही तर वरचं वंगण धरत नाही. मी स्वतः गिऱ्हाइकाच्या गाडीला लावत नाही.

ताईंनी बोटाचं लिहिलं ते बरं झालं. माझ्याकडं कामाला येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी पाना हातात द्यायच्या आधी हेच सांगतो.

दूधगंगा_काठ

सगळ्यांचे आभार, आज सकाळी बसलो. चेनवर ४२८ लिहिलंय. २० घरांचं माप २५६ आलं, दोन ठिकाणी मोजलं. मागं ओढल्यावर दात अर्ध्याच्या बराच कमी दिसतोय. पण ज्या कड्या अडतात तिथं पिनेच्या बाजूला तांबूस भुकटी दिसतीय आणि एका ठिकाणी रिंगच नाही, दोन पट्ट्यांत नुसती फट. पुढं काय करू? आणि चेन एका ठिकाणी ढिली तर अर्धा फेरा फिरवल्यावर ताठ होते, ॲडजस्ट कुठं धरून करायची?

पाना_पक्कड

२५६ म्हणजे एक टक्का पण वाढलेली नाही, चेन ताणलेली नाही. पण ती तांबूस भुकटी वाईट. पिन आणि बुशच्या मधला गंज बाहेर येतोय, तिथलं ग्रीस गेलंय. आधी साफ करा, मग अडलेली कडी दोन्ही हातांनी धरून वर-खाली, आडवी हलवा, थोडं तेल द्या. नुसता मळ असेल तर मोकळी होईल. ज्या कडीची रिंग गेलीय ती आज मोकळी झाली तरी परत अडणार, तिथं तेल टिकायला काही उरलेलंच नाही.

ताण, म्हणजे चेन मधोमध वर-खाली किती हलते ते, नेहमी जिथं सगळ्यात ताठ आहे तिथं मोजायचा. किती ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये नाहीतर स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतं, तुमच्या साईजच्या गाड्यांना बहुतेक २५ ते ३५ मिमीच्या आसपास, पण स्टिकरचंच ऐका, आणि गाडी साईड स्टँडवर ठेवून मोजायची का डबल स्टँडवर ते पण त्यातच लिहिलेलं असतं. ढिल्या जागी मोजून आवळली तर ताठ जागा तारेसारखी होते, त्यात मागं माणूस बसला, खड्ड्यात गाडी दबली की चेन अजून ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं, तो खर्च चेनसेटच्या कितीतरी पट. स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवा, नट आवळल्यावर परत एकदा मोजा.

आणि पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर एकदा उघडाच. तिथं कुणी बघत नाही.

दूधगंगा_काठ

रविवारी संध्याकाळी लिहितोय. रॉकेल आत्याकडं अर्धा लिटर निघालं जुनं. पुढचं कव्हर उघडलं तर आत काळ्या मातीचा गोळाच होता, नारळाच्या वाटीएवढा, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढला. त्यातच जुना वाळलेला स्प्रे, उसाच्या पाल्याचे तुकडे, सगळं. चेन घासायला दोन वाट्या रॉकेल गेलं, खाली सोन्यासारखा रंग निघाला हो, गंज वरवरचाच होता बऱ्याच ठिकाणी. तीन अडणाऱ्या कड्यांपैकी दोन मोकळ्या झाल्या, रिंग गेलेली एक अजून कडकच आहे, हलवून हलवून बोटं दुखली. ताठ जागा धरून ताण ३० केला, स्टिकरवर २५ ते ३० आहे. गिअर ऑइल सिरिंजनं लावून रात्रभर ठेवलं, सकाळी पुसलं आणि राशिवड्यापर्यंत फिरवून आणली. करकर पूर्ण गेली. फक्त ती एक कडी येते तेव्हा पायाला हलका ठोका जाणवतो.

बाबांच्या गाडीला पण आज ताजं ९० घातलं, बूच काढून बघितलं तर आत जळक्या ऑइलचा चिखल झालेला, तो कव्हर खोलून धुवायला पुढच्या रविवारी बसणार आहे. माझ्या गाडीला ती एक कडी तेवढी बदलून मिळेल का काका, का सेटच बदलावा लागेल?

पाना_पक्कड

एक कडी बदलून लॉक (जोडकडी) मारणारे भेटतील, पण त्या भानगडीत पडू नका, जुन्या चेनमध्ये नवी कडी बरोबर बसत नाही आणि तुमचा रस्ता वळणाचा, चालत्या गाडीत तुटलेली चेन मागचं चाक लॉक करते नाहीतर इंजिनचं केसिंग फोडते. आत्ता हळू चालवा, शंभर-दोनशे किमीला ती कडी हातानं बघत जा, शेजारची अजून एखादी अडायला लागली की वाट न बघता सेट बदला. पुढच्या पगाराला दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा सेट एकदमच घ्या, नुसती चेन नको, नव्या चेनला जुने दात खातात. घेताना ओ-रिंगचाच आहे ना ते खोक्यावर वाचा, साधी चेन स्वस्तात गळ्यात मारतात. लॉकवाली आली तर लॉकच्या पट्टीचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला, उघडं तोंड मागं. आणि नवी बसवल्यावर पहिल्या ५०० किमीला ताण परत बघायचा, तेव्हाच पहिलं तेल. पुढं कोरड्या दिवसात ५०० ते ७०० ला, पावसात भिजली की त्याच दिवशी पुसून.

सांगलीला आलात तर घेऊन या, बसवून देतो, पण बसवताना शेजारी उभं राहून बघायचं.