नववी-दहावीच्या मुलांना अभिजात साहित्यातील आशय आणि अलंकार कसे उलगडून दाखवावेत?

मराठीचा तास

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना अलंकारांची लक्षणे तोंडपाठ आहेत. उपमेय, उपमान, साधर्म्य आणि साम्यवाचक शब्द ही चार अंगे ते झोपेतून उठवले तरी सांगतील. परंतु कवीने नेमक्या याच ठिकाणी ही उपमा का योजली असेल, असे विचारले की सगळा वर्ग खाली मान घालतो. मध्यवर्ती कल्पनेची स्थिती याहून बिकट आहे. ‘या कवितेत कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे एकच वाक्य बालकवींपासून आजच्या कवीपर्यंत कोणाच्याही नावाखाली लिहिले जाते, आणि ते चूक नसल्यामुळे खोडताही येत नाही.

पुरवणी वाचन म्हणून नुकतीच बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता घेतली होती. शेवटच्या ओळीत चेतनगुणोक्ती (माणसाप्रमाणे न वागणाऱ्या वस्तूला माणसासारखे वागताना दाखवणारा अलंकार) आहे हे एका मुलाने तत्काळ ओळखले, वहीत लिहिले आणि वही मिटून ठेवली. त्याच्या दृष्टीने कविता तेथे संपली होती. वर्गात साठ मुले आहेत आणि तासिका पस्तीस मिनिटांची आहे, हे लक्षात घेऊन करता येईल असे काही अनुभवी मंडळींनी सुचवावे, ही विनंती.

जुना फळा

ताई, आपण ‘औदुंबर’ निवडली हे उत्तमच झाले, कारण अवघ्या आठ ओळींची ही कविता एका तासिकेत पूर्ण मावते आणि तरीही संपत नाही. माझी नोकरी संपली असली तरी ही कविता मी अजूनही शेजारच्या मुलांना शिकवतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिल्या दिवशी अलंकार हा शब्द उच्चारूच नये, असे माझे मत आहे. शीर्षक न सांगता आणि शेवटची ओळ झाकून पहिल्या सात ओळी फळ्यावर लिहाव्यात, आणि मुलांना वहीत या परिसराचा नकाशा काढायला लावावा. चित्र सुबक असण्याची गरज नाही. झरा कोठे आहे, गाव कोणत्या बाजूला आहे, शेते कोठे आहेत आणि पायवाट कोठून निघून कोठे जाते, एवढे रेषांनी दाखवले तरी पुरे. नकाशा काढताना मुलांच्या आपोआप लक्षात येते की कवीची नजर एका जागी थांबलेली नाही. ती दोन्ही तटांवरून निघते, पलीकडच्या टेकडीकडील चार घरांच्या गावाकडे जाते, शेतमळ्यांत उतरते आणि मग पायवाट धरून डोहापर्यंत येते. बालकवींनी डोह कवितेच्या अखेरीस ठेवला आहे, हे कोणी न सांगता मुलांच्या बोटांना कळलेले असते.

यानंतर रंगांकडे वळावे. हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणे, काळा डोह आणि सरतेशेवटी काळिमा, असा क्रम मुलेच काढून देतात. हिरवा रंग तीनदा येतो आणि नंतर दिसेनासा होतो, हे कोणीतरी बोलून दाखवतेच. येथे घाई न करता एवढेच विचारावे की काळिम्याला ‘गोड’ हे विशेषण का लावले असेल. काळे पाणी भीतिदायक असते असे मुले म्हणतील, आणि ते खरेच आहे. नदीकाठच्या गावातील मुलांना डोहाची भीती चांगली ठाऊक असते. मग कवी तो काळिमा गोड का म्हणतो, यावर वर्गात पाच मिनिटे वाद झाला तर तो होऊ द्यावा. सुंदर निसर्गवर्णनाचे तयार वाक्य तेथेच मोडते, कारण नुसत्या सुंदर वर्णनात या दोन शब्दांना शेजारी बसण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांच्या नजरेस आणावी. या कवितेत माणूस नाही. घरे आहेत, नांगरलेली-पिकवलेली शेते आहेत, चालून चालून पडलेली वाट आहे, म्हणजे माणसांच्या खुणा सर्वत्र आहेत; परंतु कोणीही दिसत नाही, कोणाचा आवाज येत नाही.

मग झाकलेली ओळ उघडावी : ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. पहिला प्रश्न अगदी साधा असावा. झाडाचे पाय म्हणजे काय? पाण्याच्या कडेच्या उंबराची उघडी पडलेली मुळे ज्यांनी पाहिली आहेत, ती मुले लगेच उत्तर देतात. दुसरा प्रश्न असा की ‘बसला’ऐवजी ‘उभा राहिला’ म्हटले असते तर काय बिघडले असते? वृत्त बिघडते हे खरे, पण तो मुद्दा क्षणभर बाजूला ठेवावा. झाडे सहसा उभी असतात. येथे मात्र झरा वाहतो आहे, पायवाट चालली आहे, आणि ही सगळी हालचाल जेथे येऊन पोहोचते तेथे कोणीतरी निवांत बसले आहे. कवितेतली क्रियापदे फळ्यावर एकाखाली एक लिहिली की हे डोळ्यांना दिसते. ‘याला चेतनगुणोक्ती म्हणतात’ हे वाक्य यानंतर उच्चारावे. आता त्या नावामागे काहीतरी उभे असते. आपल्या विद्यार्थ्याने ओळखले ते बरोबरच होते, फक्त त्याच्या हाती उत्तर प्रश्नाच्या आधी आले.

आशयाविषयी मी एकच नियम पाळत आलो : आशय एका शब्दात सांगायचा नाही, पूर्ण वाक्यात सांगायचा. निसर्ग, मृत्यू, एकांत, भक्ती हे विषय झाले. ‘जगाची सगळी धावपळ जेथे जाऊन मिळते, तेथे कवीला भीतीऐवजी विसावा दिसतो’ हे वाक्य झाले, आणि त्याच्याशी भांडता येते. दुसरी मुलगी म्हणेल की तो विसावा नसून उदासी आहे. ती जर काळ्या डोहाकडे बोट दाखवत असेल, तर तिचेही वाक्य फळ्यावर लिहावे. या कवितेचे एकाहून अधिक अर्थ जाणत्या समीक्षकांनीही लावलेले आहेत. पंधरा वर्षांच्या मुलांकडून एकमताची अपेक्षा आपण का करावी?

कवीचे चरित्र मात्र शेवटी सांगावे. बालकवींचा 1918 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वे अपघातात मृत्यू झाला, हे आधी सांगितले की मुले प्रत्येक ओळीत तो अपघात शोधू लागतात.

तपासनीस

वरील प्रतिसाद आवडला, पण थोडी वेगळी बाजू मांडतो. मी बरीच वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. अलंकाराचे नाव उशिरा सांगावे हे मान्य असले, तरी ते बिनमहत्त्वाचे आहे असा समज मुलांचा होऊ नये. नाव हाताशी असले की एका कवितेत पाहिलेली गोष्ट दुसऱ्या कवितेत ओळखता येते. ते नसेल तर प्रत्येक कविता पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

रसग्रहणाच्या 4 गुणांच्या उत्तरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद पाडण्याची जी सवय गाइडांमुळे लागली आहे, ती खरी अडचण आहे, असे मला वाटते. पहिल्या परिच्छेदात आशय सांगून होतो आणि तिसऱ्यात अलंकारांची यादी येते, पण त्या दोहोंची एकमेकांशी गाठ कोठेच पडत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की अलंकाराचे नाव ज्या वाक्यात येईल, त्याच वाक्यात त्याने काय साधले तेही आले पाहिजे.

उदाहरणार्थ तुकोबांचा सर्वपरिचित अभंग घ्या : ‘लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा’, आणि पुढे ‘ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार’. येथे दृष्टान्त अलंकार आहे, असे लिहून थांबणाऱ्याला मी अर्धाच गुण देतो. ‘समुद्रमंथनातून निघालेले रत्न असूनही ऐरावताला टोचणी चुकत नाही आणि मुंगीला मात्र साखर मिळते, या दृष्टान्तातून तुकोबा मोठेपणाची किंमत दाखवतात’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देतो. वाक्य एकच आहे, पण त्यात ओळ, अलंकार आणि आशय हे तिन्ही आले.

जमल्यास याच्या शेजारी ‘नीचपण बरवे देवा । न चले कोणाचाही दावा’ हा अभंग ठेवून पाहावा. ‘महापुरें झाडें जाती । तेथें लव्हाळे वाचती’ ही ओळ त्यातली आहे. पुष्कळांच्या पाठांतरात हे दोन अभंग एकमेकांत मिसळलेले असतात. दोन्हींचा विषय नम्रता हाच आहे. परंतु पहिल्यात लहानाला काहीतरी गोड मिळते, तर दुसऱ्यात लहान असणारा केवळ वाचतो, आणि तोही वाकल्यामुळे. विषय सारखा असून दृष्टान्त बदलला की आशय कसा सरकतो, हे दाखवण्यासाठी याहून सोपी जोडी मला सापडलेली नाही. दोन्ही मिळून आठच ओळी असल्याने तासिकाही पुरते.

विंगेतून

मी शिक्षक नाही, पण शाळांमध्ये नाट्यवाचनाचे प्रयोग करतो, त्यामुळे नाटकाविषयी लिहितो. उपरोध हा प्रकार मुलांना पुस्तकातून समजत नाही आणि आवाजातून लगेच समजतो, असे मी सतत पाहतो. देवलांच्या 1899 सालच्या ‘शारदा’ नाटकातील ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद एका मुलाला गंभीरपणे आणि दुसऱ्याला चिडवण्याच्या सुरात वाचायला सांगावे. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर, हे आधी फळ्यावर लिहून ठेवावे लागते, कारण आजच्या मुलांना ते चटकन उमगत नाही. अर्थ कळला की वर्गात जो हशा पिकतो, त्यानंतर व्याख्या सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत. मात्र त्या हशावर थांबू नये. आपण हसतो आहोत आणि एका कोवळ्या मुलीचे लग्न या गृहस्थाशी ठरते आहे, हे एका मुलीने मोठ्याने म्हटले की वर्ग गप्प होतो. ते पद हसवता हसवता काय करते, हे तेव्हा समजते.

या नाटकातील नावांकडेही लक्ष वेधावे. नवरदेव भुजंगनाथ, आणि पैशासाठी मुलगी देणारा बाप कांचनभट. मुलांना अशी नावे उकलण्यात मोठी मौज वाटते, आणि लेखक पात्राविषयीचे आपले मत संवादाशिवायही सांगू शकतो हे त्यांना कळते.

आशयासाठी मी नेहमी एकच प्रश्न विचारतो : भुजंगनाथाचे लग्न शेवटी कशामुळे मोडते? वराचे वय पाहून कोणी उठले म्हणून ते मोडत नाही, तर दोन्ही घराणी सगोत्र असल्याचे नाटकातील तरुण नायक कोदंड उघड करतो म्हणून मोडते. वयाच्या एवढ्या अंतराला जो समाज हरकत घेत नाही, तो गोत्राचे नाव काढताच थबकतो. ‘बालाजरठविवाहाचे दुष्परिणाम’ हा विषय पाठ केलेल्या मुलांना हा प्रश्न विचारून पाहा. नाटकाला काय म्हणायचे आहे याचा शोध तेथून सुरू होतो. (जाता जाता : 1929 सालचा बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा या नाटकावरून ओळखला जातो असे अनेक मुलांना वाटते. ते नाव हरबिलास सारडा यांचे आहे.)

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’बाबतही हेच करता येते. ‘दारू वाईट’ एवढेच सांगायचे असते तर नायक सुधाकराने पहिला प्याला न्यायालयातील अपमानानंतर आणि वकिलीची सनद काही काळ गेल्यानंतर घेण्याचे कारण काय, असे विचारावे. पण ते नाटक लांब आहे; एखाद-दुसरा प्रवेशच घ्यावा.

मराठीचा तास

सर्वांचे मनापासून आभार. नकाशाची कृती काल एका तुकडीत करून पाहिली. सांगितल्याप्रमाणे ‘गोड काळिमा’वर वाद झाला, आणि पस्तीस मिनिटे अपुरी पडली. मात्र एक अडचण उभी राहिली. एका मुलाचे म्हणणे असे की औदुंबर म्हणजे दत्ताचे झाड, तेव्हा ही भक्तीची कविता आहे आणि डोहाकाठी प्रत्यक्ष दत्तगुरूच बसलेले आहेत. तो ठाम होता आणि निम्मा वर्ग त्याच्या बाजूला गेला. सगळे अर्थ चालतात असे म्हटले तर हे उत्तर चूक कसे ठरवायचे? आणि चूक ठरवले, तर तो मुलगा पुन्हा तोंड उघडील असे वाटत नाही.

जुना फळा

चूक ठरवण्याची घाई करू नका, ताई. त्या मुलाने कवितेबाहेरची परंपरा कवितेत आणली आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात औदुंबर म्हटले की दत्त येतोच. कवीलाही ते ठाऊक असणार. त्याला एवढेच विचारावे की त्याचा अर्थ कोणकोणत्या ओळींना लागू पडतो. शेवटच्या ओळीला तो लागतो, कारण पाण्यात पाय टाकून बसलेली शांत मूर्ती त्यातून उभी राहते. ‘गोड काळिमा’लाही कदाचित लागेल. मग चार घरांचे गाव, शेतांची हिरवी गर्दी आणि आडवीतिडवी पडलेली पायवाट यांचे काय करायचे, हे त्याने सांगावे. ती वाट देवदर्शनाची आहे असे तो म्हणाला, तर ती सरळ औदुंबराकडे न जाता काळ्या डोहाकडे का जाते, हेही त्यानेच शोधावे. कदाचित तो आपला अर्थ सोडील, किंवा अधिक चांगला करून आणील.

गुणांचेच विचाराल तर एका ओळीवर उभा असलेला अर्थ लिहिणाऱ्याला मी 4 पैकी 2 देईन, आणि त्याच अर्थात पायवाटेची सोय लावणाऱ्याला पूर्ण 4, मग तो अर्थ मला स्वतःला पटो वा न पटो.

तपासनीस

मी साडेतीन देईन. शुद्धलेखनासाठी अर्धा राखून ठेवतो. बाकी सहमत आहे.