लॅपटॉपचा पंखा रात्री मिक्सरसारखा ओरडतो

प्रश्न: आई शेजारीच झोपते, आणि मी नुसतं एक्सेल उघडलं तरी पंखा सुटतो. तापमान ९२ अंश. प्रोसेसरचा वेग कमी करता येतो का? विंडोज १० आहे.

उत्तर: पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा, टर्बो, म्हणजे प्रोसेसरचं नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळणं, बंद होतो. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटच्या थोड्याशा वेगापायी ही भट्टी पेटते.

दुसरं उत्तर: आधी जाळीतली धूळ काढा हो! माझ्या लॅपटॉपमध्ये गादीचा कापूस निघाला होता.

प्रश्नकर्ती: ९९ केलं. आता ७१ अंश. मोठी शीट जरा रेंगाळत उघडते, पण आईचं घोरणं ऐकू येतंय. धूळ रविवारी.