सल्ला हवा: बालवाडीतल्या मुलांची भाषा तपासायचं पार्टटाइम काम घेऊ का? (सोलापूर)

पूर्वभागातली
नमस्कार. जरा लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही. माझं डी.एड. झालंय, लग्नाआधी चार वर्षं बालवाडीत शिकवलं, आता मुलगी साडेतीन वर्षांची आहे म्हणून पूर्ण वेळ नोकरी नको आहे. एका संस्थेकडून विचारणा आलीय, अंगणवाडी आणि बालवाडीतल्या ४ ते ६ वर्षांच्या मुलांची भाषा आणि वाचनाआधीची तयारी तपासायची. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी १० ते १, मुलामागे १५० रुपये, ट्रेनिंग दोन दिवसांचं. एका मुलाला साधारण अर्धा तास लागतो, चित्रांची नावं विचारायची, चित्रं बघून गोष्ट सांगायला लावायची, टाळ्या वाजवत शब्द तोडायला सांगायचा, पुस्तक हातात देऊन ते कसं धरतं ते बघायचं, आणि शेवटी थोडी अक्षरं.

मागच्या आठवड्यात कामाची कल्पना यावी म्हणून संस्थेचे लोक मला एका बालवाडीत घेऊन गेले. एक मुलगा होता, घरी तेलुगू बोलतात, वीस चित्रांपैकी सहाचीच नावं मराठीत सांगितली. फॉर्मवर त्याच्यापुढे 'कमी' अशी खूण झाली. आम्ही चपला घालून बाहेर पडलो तर तोच पोरगा अंगणात मित्राला काहीतरी अखंड सांगत होता, हातवारे करून, मित्र हसून लोळत होता. ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. आपल्याकडे एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारी मुलं असतात, मग असं तपासून नक्की काय कळतं? काम घ्यावं का, घेतलं तर आधी काय शिकून घेऊ, आणि पैसे बरोबर आहेत का, प्लीज सांगा.

पाटी_पेन्सिल
ताई, काम घ्या पण मुलामागे पैसे घेऊ नका. मी पालघर जिल्ह्यात दोन वर्षं हेच केलंय, वारली मुलांबरोबर. होतं काय, तुम्ही जाता आणि नेमका लसीकरणाचा दिवस असतो, किंवा सेविका मीटिंगला गेलेली असते, किंवा खिचडी खाऊन निम्मी मुलं झोपलेली असतात. तीन तासांत दोनच मुलं होतात आणि हातात तीनशे रुपये, जाण्यायेण्याचा खर्च तुमचाच. पैशापेक्षा वाईट गोष्ट पुढची आहे, अशा दिवशी एखादं मूल रडवेलं झालेलं असलं तरी त्याला 'चल एवढं एक सांग' करत ओढायचा मोह होतो. माझ्याकडून एकदा झालंय ते. अजून त्या मुलीचा चेहरा आठवतो. दिवसाचा दर आणि प्रवासखर्च वेगळा असं मागा, आणि लेखी घ्या.

बाकी, सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसचं पत्र जवळ असल्याशिवाय अंगणवाडीत पाऊल टाकू नका, मुख्यसेविकेला आधी फोन करा. पोलीस व्हेरिफिकेशन संस्थेवाले मागतीलच, नाही मागितलं तर तुम्ही विचारा की बाकीच्यांचं झालंय का. दोन दिवसांचं ट्रेनिंग फार कमी आहे. निदान दहा मुलं अशी मागा की ज्यांना तुम्ही आणि एक अनुभवी बाई एकत्र बघाल पण मार्क वेगवेगळे लिहाल, मग दोघींचे फॉर्म शेजारी ठेवून बघायचं कुठे फरक पडला. खरं शिकणं तिथे होतं.

वाणी_श्रवण
मी स्पीच थेरपिस्ट आहे, शिक्षण म्हैसूरला झालं, आता क्लिनिकमध्ये मुलंच बघते. तुम्हाला जे खटकलं ते अगदी बरोबर खटकलंय. त्या मुलाला सहा शब्द येतात असं त्या फॉर्मवरून कळत नाही, सहा शब्द मराठीत येतात एवढंच कळतं. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाची शब्दसंपत्ती दोन डब्यांत वाटलेली असते. स्वयंपाकघरातले, नात्यातले, अंगाखांद्यावरचे शब्द घरच्या भाषेत आणि रंग, आकडे, प्राणी बालवाडीच्या भाषेत. एकच डबा उघडून बघितला तर निम्मं मूल दिसतं. म्हणून प्रत्येक चित्रापुढे दोन रकाने करा, एक मराठीचा आणि एक घरच्या भाषेचा, आणि कुठल्याही एका भाषेत नाव आलं तरी ती कल्पना मुलाला माहीत आहे असं धरा. मराठीचा आकडा वेगळा ठेवा, तोही लागतो, कारण पुढे पहिलीत शिकवायचं मराठीत असेल तर शिक्षकाला कळायला हवं की कुठून सुरुवात करायची.

दुसरं म्हणजे चूक आणि घरच्या भाषेचा ठसा यात फरक करायला शिका. तेलुगूत एकवचनात बाई आणि वस्तू दोन्हींना क्रियापदाचं रूप एकच असतं, 'अम्मा वच्चिंदि' आणि 'बस्सु वच्चिंदि'. त्यामुळे मूल मराठीत 'आई आलं' म्हणालं तर त्याच्या डोक्यात व्याकरण नाही असं नव्हे, उलट व्याकरण पक्कं आहे, फक्त ते तेलुगूचं आहे. उर्दूत ळ नाही, म्हणून 'फल' आणि 'कमल' येणार. 'भाकरी'ची 'बाकरी' झाली तर आधी घरी कसं बोलतात ते विचारा.

टाळ्यांच्या खेळात तर मोठी माणसंही अडकतात. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं पण बोलताना क-मळ, दोनच टाळ्या. फॉर्म करणाऱ्यांनी तीन धरलेत की दोन हे आधी विचारा, नाहीतर कान चांगला असलेलं मूल नापास होतं. आणि घरी 'बस्सु' ऐकणाऱ्याने 'बस'ला दोन टाळ्या वाजवल्या तर त्यानेही नीटच ऐकलंय. मी तरी 'पाटी', 'बटाटा' असे सरळ शब्द घेते.

पुस्तक धरण्याचंही तसंच. घरी किंवा उर्दू बालवाडीत उर्दू पुस्तक बघितलेलं मूल उजव्या बाजूने उघडणार, बोटही उजवीकडून फिरवणार. त्याला पुस्तक कळतं, म्हणूनच तो तसं करतो.

एक मात्र नक्की पाळा. 'या मुलाला भाषेचा प्रॉब्लेम आहे' असं पालकांना सांगू नका. निदान करायला आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी लागते, आणि मराठी कमी येणं म्हणजे दोष नव्हे. खरी काळजी कधी करायची, तर घरच्या भाषेतही मूल मागे असेल, आईच म्हणत असेल की मोठ्या भावापेक्षा खूप उशिरा बोलला, सांगितलेलं कळत नाही, हाक मारल्यावर वळत नाही. तेव्हा सर्वात आधी कानाची तपासणी. सतत सर्दी आणि कान वाहणारी किती मुलं नुसती 'अबोल' म्हणून बसून राहतात.

दाजीपेठेतला
मी त्या पोराच्या जागी होतो ताई. आई विड्या वळायची, घरात फक्त तेलुगू. बालवाडीत मांजराचं चित्र दाखवलं, मी म्हणालो 'पिल्ली'. तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात. बाईंना वाटलं मी 'पिल्लू' म्हणतोय, त्या म्हणाल्या पिल्लू कुणाचं, नाव सांग. मी परत पिल्ली. मग दूध दाखवलं, मी 'पालु' म्हणालो, अख्खा वर्ग हसला कारण त्यांना पाल ऐकू आली. त्या दिवसापासून मी बोलायचंच बंद केलं, दिवाळीपर्यंत. आईला सांगितलं गेलं की मुलगा मंद आहे. तिला मराठी नीट येत नव्हतं, ती मान हलवून परत आली, आणि रात्री रडली ते मला अजून आठवतं. आज मी इंजिनियर आहे, पण हे सांगायचं कारण ते नाही. मी काहीच झालो नसतो तरी तो शब्द चुकीचाच होता.

तर तुमच्याकडे वीस चित्रं असतील तर त्या वीस शब्दांची तेलुगू, कानडी, उर्दू यादी आधी करून ठेवा. इथली तेलुगू पुस्तकातली नाहीये, मराठी मिसळलेली आहे, त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातल्याच कुणा तेलुगू बाईकडून घ्या.

आई_न्यूजर्सीत
इथे शाळेत नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता असा एक फॉर्म भरून घेतात. माझा मुलगा प्रीस्कूलमध्ये कित्येक महिने एक शब्द बोलला नाही, घरी मराठीत बडबड चालू. टीचरने मला बोलावून घरचे व्हिडिओ मागितले, ते बघून म्हणाली काही काळजी नको. तुम्हीही पालकांशी पाच मिनिटं तरी बोला, फॉर्ममध्ये जागा नसली तरी.

कडक_भाकरी
मी थोडं विरोधात बोलते. मी असं काम सहा महिने करून सोडलं. अडीचशे मुलं तपासली असतील, आकडे गेले, रिपोर्ट झाला, आणि ज्या सेविका रोज त्या मुलांसोबत बसतात त्यांना एक कागदही परत आला नाही. एक सेविका मला म्हणाली, तुम्ही पोरांचं मोजून नेता, आम्हाला काय देता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम घेण्याआधी संस्थेला विचारा की निकाल सेविकेपर्यंत आणि आईपर्यंत कसा जाणार, कधी जाणार. नीट उत्तर आलं नाही तर माझं मत नको घेऊ असं आहे.

पाटी_पेन्सिल
कडक_भाकरी यांचं अगदी पटलं. आम्ही शेवटी शेवटी निघायच्या आधी सेविकेजवळ दहा मिनिटं बसायला लागलो, मार्क न सांगता फक्त 'ही मुलगी गोष्ट फार छान सांगते, तिच्या भाषेत सांगू द्या' एवढं बोलायचो. संस्थेने सांगितलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही.

अजून एक, बरोबर उत्तराला 'शाब्बास' आणि चुकीला गप्प असं करू नका, मुलांना दोन मिनिटांत कळतं. प्रत्येक उत्तराला सारखंच 'हं, पुढचं बघू'. आणि वय महिन्यांत लिहा, ४८ महिन्यांचं आणि ५९ महिन्यांचं मूल दोघंही 'चार वर्षांची' म्हणून एकत्र मोजली जातात.

पूर्वभागातली
सगळ्यांचे मनापासून आभार, दाजीपेठेतले दादा तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. काल संस्थेत जाऊन बोलले. दिवसाच्या दराला तयार झाले, ५५० आणि प्रवास वेगळा. दोन रकान्यांचं सांगितलं तर मॅडम म्हणाल्या फॉर्म छापून झालेत, पण समासात घरच्या भाषेतलं उत्तर लिहा, आकडे भरताना आम्ही वेगळं मोजू, हे मी त्यांच्याकडून ईमेलवर घेतलंय. कमळला दोन टाळ्या. सेविकांना निकाल देण्याबद्दल मात्र अजून 'बघू' एवढंच म्हणाल्यात, तिथे मी अडून बसलेय, त्याचं उत्तर आल्यावरच हो म्हणणार आहे.

एक मदत हवी होती. चित्रांत जहाज आणि स्ट्रॉबेरी आहे, ती बदलून कापड विणायचा माग आणि भाकरी घालू का असं विचारलं तर या वर्षी चित्रं बदलता येणार नाहीत, पण सरावाला तीन चित्रं आपली वापरा म्हणाले. तेलुगूची यादी करायला कुणी भेटेल का?

दाजीपेठेतला
आईला विचारलं, ती तयार आहे. रविवारी सकाळी या, चित्रं घेऊन या. ती म्हणाली शेजारच्या कानडी काकूंनाही बोलावते. सरावाच्या चित्रांत मागाबरोबर विड्या वळताना पाला ठेवायचं सूपही घ्या, आमच्या गल्लीतलं कुठलंही पोर ते ओळखेल.