प्रतिसाद: तालीम फक्त वीकेंडला?
हौशी नाटकाची तालीम शनिवार-रविवारीच ठेवा म्हणजे नोकरी सांभाळता येते, असं वर कुणीतरी लिहिलंय, मला काही ते पटत नाही. मधल्या पाच दिवसांत सगळे मूव्हमेंट विसरून येतात आणि मित्रांची लग्नं, बारशी पण नेमकी रविवारीच. आमच्याकडे रोज रात्री साडेआठनंतर, पण ज्याचा प्रवेश असेल त्यानेच यायचं, बाकीच्यांनी घरी जेवायचं (घरचे खूश).

आणि हो, जून आणि डिसेंबरच्या पगारातून एलडब्ल्यूएफ (लेबर वेल्फेअर फंड, म्हणजे कामगार कल्याण निधी) म्हणून किरकोळ पैसे कापतात ना, ते कामगार कल्याण मंडळाकडे जातात आणि तेच मंडळ कामगारांसाठी नाट्यस्पर्धा घेतं. राज्य नाट्य स्पर्धेला उतरता तसं तिकडेही उतरा की, रजेच्या अर्जात नुसतं 'नाटक आहे' लिहिण्यापेक्षा 'कामगार कल्याणची स्पर्धा' लिहिलं तर साहेब सहसा कुरकुर करत नाहीत.